हौशे, नवशे, गवशे आणि चौसष्ट घरं

पाचवी फेरी संपली होती. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात, जिथे एरवी आचाऱ्यांच्या भट्ट्या पेटतात तिथे, चहाच्या पिंपाभोवती दोन तट पडले होते. स्पर्धा बुद्धिबळाची, १७०० च्या खालच्या रेटिंगवाल्यांची (रेटिंग म्हणजे मागच्या डावांच्या निकालांवरून ठरणारा ताकदीचा आकडा), पहिलं बक्षीस दीड लाख. पाचपैकी पाच गुण घेऊन पहिल्या पटावर बसलेला विशीतला खेळाडू वर्षभरापूर्वी १८०० च्या वर होता आणि मधल्या दोन किरकोळ स्पर्धांत ओळीने हरत आला होता. ‘‘हे कसले हौशी? हे चोर. ही खालच्या गटांची थेरं बंद करा, दम असेल तर खुल्या गटात या,’’ असं एक गृहस्थ ओरडून सांगत होते. समोरून तितक्याच तावातावाने उत्तर आलं, ‘‘हौशी म्हणजे काय भिकारी? ग्रँडमास्टरांना लाखांनी द्यायचं आणि आम्ही फी भरून टाळ्या वाजवायच्या? उलट बक्षिसं वाढवा!’’ सहाव्या फेरीच्या जोड्या लागल्याची हाक आली म्हणून वाद तुटला. गेली काही वर्षं हाच वाद, हीच वाक्यं, मी गावोगावच्या कार्यालयांत ऐकतो आहे.

माझं म्हणणं दोन्ही तटांना आवडणार नाही. रेटिंगची मर्यादा घातलेल्या हौशी स्पर्धा असाव्यात, तालुक्यापासून जागतिक पातळीपर्यंत असाव्यात. मात्र त्यांत मोठं रोख बक्षीस नसावं. स्पर्धा बंद करा म्हणणारे आणि बक्षीस वाढवा म्हणणारे एकच गोष्ट गृहीत धरतात: हौशी म्हणजे कच्चा. एकाला त्या कच्चेपणाची कीव येते, दुसऱ्याला त्याची भरपाई हवी असते. पण मराठीत ‘हौशी’चा अर्थ असा कधीच नव्हता. राज्य नाट्य स्पर्धेत दिवसभर कचेरीत फायली उपसून रात्री तालमीला येणारा नट हौशी असतो. तो वाईट नट असतो असं कुणी म्हणत नाही. पोट दुसऱ्या धंद्यावर आणि जीव या धंद्यावर, एवढाच त्या शब्दाचा मतलब. बुद्धिबळातही तो तसाच होता. तो रेटिंगच्या आकड्याला कसा जाऊन चिकटला, हे पाहिल्याशिवाय चहाच्या पिंपाजवळचा वाद सुटायचा नाही.

१९२४ च्या जुलैत पॅरिसमध्ये ऑलिंपिक भरलं होतं. त्यात बुद्धिबळ नव्हतं. ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंचं होतं, आणि बुद्धिबळात हौशी कोण नि धंदेवाईक कोण हे ठरवणं हा मोठाच घोळ होता. फ्रेंच आयोजकांनी मग त्याच दिवसांत, हॉटेल मॅजेस्टिकमध्ये, स्वतःचं बुद्धिबळाचं ऑलिंपियाड मांडलं. १८ देशांचे ५४ खेळाडू आले. सहा-सहांचे नऊ गट पाडले आणि गटविजेत्यांची अंतिम फेरी खेळवली. लॅटव्हियाचा हर्मानिस मातिसोन्स जिंकला आणि हौशी जगज्जेता ठरला. शेवटच्या दिवशी, २० जुलैला, तिथेच जमलेल्या प्रतिनिधींनी ‘फिडे’ची, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाची, स्थापना केली. आजच्या अवघ्या बुद्धिबळ-कारभाराचा जन्म हौशी स्पर्धेच्या मांडवात झाला, हे खुल्या गटाच्या अभिमान्यांनी जरा लक्षात ठेवावं. त्या मांडवात कापाब्लांका, लास्कर, अलेखिन हे त्या काळचे अव्वल खेळाडू खेळायला नव्हते. ते तिघं त्याच वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला मानधन घेऊन खेळून मोकळे झाले होते.

मग मातिसोन्स दुय्यम ठरतो का? १९३१ च्या प्राग ऑलिंपियाडमध्ये याच मातिसोन्सने अलेखिनला हरवलं, आणि अलेखिन तेव्हा साक्षात जगज्जेता होता. पुढच्याच वर्षी क्षयाने मातिसोन्स गेला, ३७ व्या वर्षी. नाहीतर त्याचं नाव आज फक्त जाणकारांच्या तोंडी उरलं नसतं. दुसरी हौशी जगज्जेतेपदाची स्पर्धा १९२८ साली हेगला झाली. जिंकला मॅक्स युवे, गणितात डॉक्टरेट मिळवलेला, ॲमस्टरडॅमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणारा मास्तर. सात वर्षांनी, १९३५ मध्ये, त्याने ३० डावांच्या लढतीत अलेखिनला साडेचौदाविरुद्ध साडेपंधरा गुणांनी हरवलं आणि तो हौशी वगैरे विशेषण न लावलेला जगज्जेता झाला. १९३७ मध्ये परतीची लढत हरला. जगज्जेतेपद आलं नि गेलं, खडू-फळ्याशी त्याचं नातं मात्र राहिलं. या दोन स्पर्धांपुरतं तरी ‘हौशी’ हे बिरुद ताकदीबद्दल अवाक्षरही बोलत नव्हतं. ते फक्त एवढंच सांगत होतं, की या माणसाची चूल बुद्धिबळावर पेटत नाही.

ती व्यवस्था टिकली का नाही? टिकायचीच नव्हती. पोटापाण्यावरून माणसं वेगळी काढायची म्हटली की त्यांच्या खिशात हात घालावा लागतो आणि तिथे प्रत्येकाच्या खिशाला अस्तर असतं. इंग्लंडच्या क्रिकेटने हा प्रयोग दीडशे वर्षं केला. १८०६ पासून ‘जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स’ सामने होत. हौशी सद्गृहस्थ एका बाजूला, पगारी खेळाडू दुसऱ्या बाजूला. धावफलकाच्या छापील कागदावर सद्गृहस्थांची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि पगारी माणसांची नंतर. पगारी खेळाडू फ्रेड टिटमसच्या नावाची आद्याक्षरं चुकून आधी छापली गेली, तेव्हा लॉर्ड्सवर भोंग्यावरून दुरुस्ती जाहीर झाली: ‘एफ. जे. टिटमस’ऐवजी ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं! आणि हा सोवळेपणा कुणासाठी, तर ज्यांच्या शिरोमणीने, डब्ल्यू. जी. ग्रेसने, हौशी म्हणवून घेत पगारी खेळाडूंहून जास्त पैसा मिळवला. १९६२ साली तो भेद मोडला. नौकानयनात तर इंग्लंडमधल्या हेन्ली शर्यतीच्या नियमांनी कारागीर, मिस्त्री, मजूर यांना हौशी म्हणायचीच बंदी केली होती. हाताने काम करणाऱ्याला हौस कशी असेल, असा त्यातला भाव. जातिव्यवस्था पाहिलेल्या आपल्यासारख्यांना यात काही नवल वाटायला नको.

बुद्धिबळात सोव्हिएत संघाने हा गोंधळ वेगळ्या टोकाला नेला. १९४८ साली जगज्जेता झालेला बॉटविनिक विद्युत अभियंता होता, खराखुरा, पुढे संशोधन करणारा. पण त्याच्यामागे एक अख्खं राज्य उभं होतं. त्याला हौशी म्हणायचं की धंदेवाईक? मॉस्कोपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याकडे रेल्वे, विमा महामंडळ, बँका, तेल कंपन्या यांनी खेळाडू म्हणून कितीतरी बुद्धिबळपटूंना नोकऱ्या दिल्या. वर्षातले कित्येक महिने स्पर्धांसाठी रजा, पगार चालू. या माणसाची चूल बँकेवर पेटते की पटावर? उत्तर देता येत नाही, म्हणून तो प्रश्न विचारणंच बंद झालं. हेगनंतर फिडेचं ते हौशी जगज्जेतेपद कित्येक दशकं कपाटात पडून राहिलं.

मधल्या काळात मिलवॉकीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाड इलो यांनी रेटिंगची पद्धत बसवली. अमेरिकेच्या संघटनेने १९६० मध्ये ती घेतली, फिडेने १९७० मध्ये. सुरुवातीला फिडेचं रेटिंग २२०० पासून पुढे असे. म्हणजे तुम्ही-आम्ही त्या यादीत नव्हतोच. मग ती पायरी टप्प्याटप्प्याने खाली आली, २०००, १८००, १६०० करत थेट १००० पर्यंत. यादीत लाखो माणसं आली आणि त्याबरोबर एक सोय झाली: आता हौशी कोण हे विचारायला नको, आकडा बघायचा. जागतिक हौशी स्पर्धाही २३००, २०००, १७०० अशा रेषा आखून होऊ लागल्या. खिशात हात घालायची कटकट गेली. पण शब्दाचा अर्थ गुपचूप पालटला. युवे आज त्याच शाळेत शिकवत असता तर त्याला हौशी स्पर्धेच्या दारातूनच परत पाठवलं असतं, आणि दुसरं काहीही न करता दिवसभर फक्त बुद्धिबळ खेळणारा १६५० चा तरुण मात्र ‘हौशी’ म्हणून पहिल्या पटावर बसला असता.

ही रेषा तरी पक्की आहे का? १ मार्च २०२४ रोजी फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांची रेटिंगं एका फटक्यात वर उचलली. सूत्र साधं होतं: २००० ला जितके गुण कमी, त्याच्या ४० टक्के बहाल. १००० वाल्याचे १४०० झाले, आणि तोच नवा तळ ठरला. २९ फेब्रुवारीच्या रात्री १५५० असलेला माणूस सकाळी उठला तेव्हा १७३० होता. झोपेत त्याचा घोडा काही जास्त हुशार झाला नव्हता, पण १७०० च्या गटाला तो मुकला. फिडेच्या निर्णयामागे कारण होतं; खालच्या पातळीवरची रेटिंगं वर्षानुवर्षं वाजवीपेक्षा घसरत गेली होती आणि ती सावरणं भाग होतं. माझी तक्रार त्या निर्णयाबद्दल नाही. ज्या रेषेवर आपण दीड लाख ठेवतो ती रेषा गणिताच्या एका दुरुस्तीने सरकू शकते, एवढंच मला दाखवायचं आहे.

यावर सगळ्यात सबळ आक्षेप असा, की रेषा कुठलीही काढा, ती मनमानीच असणार. म्हणून काय रेषाच नकोत? कुस्तीत वजनी गट आहेत. ५७ किलोच्या मल्लाला ९७ किलोच्या मल्लासमोर उभं करून ‘दम असेल तर लढ’ असं आपण म्हणत नाही. मला हे शंभर टक्के मान्य आहे, आणि म्हणूनच चहाजवळच्या पहिल्या गृहस्थांशी मी सहमत नाही. खुल्या गटात १५०० चा माणूस पहिल्या फेरीत दोन हजारवाल्याकडून चोवीस चालींत मरतो, मग मधल्या फेऱ्यांत आपल्यासारख्यांशी खेळतो आणि अडतिसावा-नव्वदावा येतो. शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर बसणं, भोवती माणसं जमणं, हात थरथरत चाल लिहिणं, हे त्याच्या नशिबी कधीच येत नाही. ते यावं, एवढ्यासाठी तरी मर्यादित गट हवेत.

पण कुस्तीची उपमा द्यायची तर ती शेवटपर्यंत न्यावी. पैलवानही वजन तोडतात. दोन दिवस पाणी सोडून, घाम गाळून खालच्या गटात उतरतात. तरीही त्या सकाळी तो काट्यावर उभा राहतो आणि काटा त्याचं ऐकत नाही. रेटिंगचा काटा तसा नाही. तो खेळाडूच्या स्वतःच्या मागच्या डावांवर चालतो, आणि डाव हरणं खेळाडूच्या हातात असतं. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी एक डाव हरला की आपल्यापैकी बहुतेकांचे दहा गुण जातात, अठराच्या खालच्या मुलांचे वीस. दुबळ्याशी हरलात तर आणखी. शंभर गुण पाडायला एक लांबलेला आठवडा पुरे. आणि मुद्दाम हरलेला डाव दिसतो कसा? कधी घोडा फुकट जातो, कधी वेळ संपतो. माझे असे डझनभर डाव आहेत, तेही प्रामाणिकपणे हरलेले. नुरा कुस्ती ओळखायला निदान दोन मल्लांचं संगनमत सापडावं लागतं. इथे तर समोरच्याला पत्ताही नसतो की आपल्याला जिंकवलं जातंय.

पैसा या ठिकाणी का नासवतो, हे त्यामुळे उघड आहे. खुल्या गटात दहा लाख ठेवा. ते मिळवायचा मार्ग एकच, सगळ्यांपेक्षा चांगलं खेळणं. मर्यादित गटात मात्र बक्षीस ताकदीला मिळत नाही. ते मिळतं रेषेच्या खाली राहून रेषेच्या वरचं खेळता येण्याला. म्हणजे कागदावर जितका कच्चा आणि पटावर जितका पक्का, तितका फायदा. अशा ठिकाणी एखाद्याने रेटिंग पाडलं तर मी त्याला दोष देईन, पण नवल करणार नाही. ज्याने हा सापळा लावून त्यात लोण्याचा गोळा ठेवला, त्याचं काय? अमेरिकेतल्या मोठ्या खुल्या स्पर्धांत वर्गवार रोख बक्षिसं आपल्याआधी आली आणि हा रोगही आपल्याआधी आला. १९९३ साली फिलाडेल्फियाच्या वर्ल्ड ओपनमध्ये एक अनोळखी, रेटिंग नसलेला माणूस कानाला हेडफोन लावून आला आणि त्याने एका ग्रँडमास्टरशी बरोबरी साधली. रेटिंग नसलेल्यांच्या बक्षिसाची वेळ आली तेव्हा संशय आलेल्या आयोजकांनी त्याला एक साधं कोडं घातलं; ते त्याने सोडवून दाखवलं नाही. नाव त्याने लिहिलं होतं जॉन फॉन नॉयमन, संगणकशास्त्राच्या एका जनकाचं! विनोदबुद्धी दांडगी होती, एवढं कबूल केलंच पाहिजे.

‘मग नियम कडक करा’ असं मधल्या मार्गाचे लोक म्हणतात. गेल्या दोन-तीन वर्षांतलं सर्वोच्च रेटिंग धरा, चालू नको. हे काही अंशी चालतं आणि करावंही. पण त्याने साठीतल्या, खरोखर उतरणीला लागलेल्या माणसाला शिक्षा होते, आणि ज्याचं रेटिंग अजून चढलेलंच नाही त्याला ती लागतच नाही. इथे मला ‘नवशे’ आठवतात. जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे अशी तीन तऱ्हेची माणसं येतात म्हणतात. बुद्धिबळाच्या जत्रेत नवशे म्हणजे आई-बाप. पोराला ग्रँडमास्टर करीन असा नवस बोललेले. दहा वर्षांची मुलगी, रेटिंग १४८०, गेले सहा महिने रोज चार तास सराव, आणि फिडेची यादी तिच्या मागे धापा टाकत येते आहे. ती १७०० च्या गटात सगळ्यांना झोडपते. तिने काहीही पाडलेलं नाही, फसवलेलं नाही. पण निकालाच्या कागदावर ती आणि पहिल्या पटावरचा तो गवशा सारखेच दिसतात. १९२४ साली खिसा बघून माणूस ओळखता येत नव्हता, आज आकडा बघून येत नाही. रोख रक्कम काढली तर ओळखायची गरजच उरत नाही. मुलगी जिंकली, चषक घेऊन गेली, पुढच्या वर्षी वरच्या गटात दिसेल. गवशा मात्र येणारच नाही. चषकाला बाजारात भाव नाही.

आता बक्षीस वाढवा म्हणणाऱ्यांचं ऐकू. त्यांचा मुद्दा हलका नाही. मोठ्या स्पर्धांत खालच्या गटांच्या फीवरच वरच्या गटातल्या ग्रँडमास्टरांची मानधनं निघतात, हे उघड गुपित आहे. लातूरहून, गोंदियाहून येणाऱ्या कुटुंबाला प्रवास, खोली, जेवण धरून एक स्पर्धा महिन्याच्या पगाराला पडते. लाखाची आशा दाखवल्यामुळे ते येतात, आणि त्यांच्या येण्यानेच खेळ पुण्या-मुंबईबाहेर पसरला. हे सगळं खरं. पण हिशेब मांडून बघा. समजा, ४०० जण प्रत्येकी अडीच हजार भरतात. दहा लाख जमले. त्यातले सहा लाख तीस जणांना वाटले. म्हणजे ३७० घरांनी मिळून तीस जणांची लॉटरी भरली, आणि त्या तिसांत गवशे किती हे आपण वर पाहिलंच. तेच सहा लाख काढून टाका. फी एक हजारावर येते. लातूरच्या बापाला कशाने जास्त आधार मिळतो, चारशेत एकाला लागणाऱ्या दीड लाखाने की दरवेळी वाचणाऱ्या दीड हजाराने?

‘पैसे नसतील तर कोण जीव तोडून खेळेल?’ हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो आणि दरवेळी मला पोस्टकार्डं आठवतात. पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्यांचं पहिलं जागतिक विजेतेपद ऑस्ट्रेलियाच्या सेसिल पर्डीने जिंकलं, तो अंतिम टप्पा १९५० ते १९५३ चालला. पाचवा जगज्जेता हान्स बर्लिनर. त्याच्या स्पर्धेचा शेवटचा टप्पाही तीनेक वर्षांचा. एकेका चालीसाठी पोस्टमनची वाट बघत, समोरच्याचा चेहराही न पाहता, वर्षानुवर्षं एक डाव डोक्यात वागवायचा. हे कुठल्या पाकिटासाठी? अमेरिकेतल्या हौशी सांघिक स्पर्धांत चार जणांच्या संघाच्या सरासरी रेटिंगवर मर्यादा असते, म्हणजे मित्राच्या संघात तगडा आणि नवखा एकत्र बसतात. तिथेही माणसं रोख रकमेसाठी जात नाहीत, संघाला विनोदी नाव कोणतं द्यायचं यावर मात्र महिनाभर खल करतात. आणि सांगली? भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू जात राहिले; त्यांना कुणी लाखाचं पोस्टर दाखवून तिथे नेलं नव्हतं.

रेषांबद्दल बोलतोच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. १९७६ साली आपली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली तेव्हा मोठा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा तेव्हा फिडेच्या अध्यक्षांनी दिला. अध्यक्ष होते मॅक्स युवे. १९२८ चा तोच हौशी जगज्जेता.

हे सगळं मी त्या स्पर्धेच्या आयोजकांपुढे मांडलं. जुने स्नेही आहेत. चहाच्या कपाखालच्या कागदावर दहा लाखांचा हिशेब लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘‘सगळं बरोबर आहे हो, पण पोस्टरवर दीड लाख नसतील तर पोस्टर बघणार कोण? आणि हॉल तर लग्नसराईच्या भावाने मिळतो.’’ बऱ्याच घासाघिशीनंतर एका गटापुरते तयार झाले. येत्या मे महिन्यात, १६०० च्या खाली, फी ८०० रुपये, पहिल्या तिघांना सागवानी पट आणि पुढच्या वर्षी खुल्या गटात मोफत प्रवेश, रोख काही नाही. शंभर जण आले तर भाडं निघतं. कालपर्यंत एकसष्ट नावं आली आहेत.